गुरुजी, तुमचा बोर्ड गेलेला नाही

प्रश्न : ताई, मी कुडाळ तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६७. माझ्याकडे लेनोवोचा थिंकपॅड एक्स २३० आहे. भाच्याने २०१९ मध्ये पुण्याहून वापरलेला घेऊन दिला. वजनाला हलका, म्हणून पिशवीत टाकून वाडीवाडीवर जातो. मालवणी शब्द आणि म्हणी गोळा करतो, त्या तिथेच त्यात उतरवतो. घरी मुद्रितशोधनाची कामंही त्यावरच. अलीकडे सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. फाइल उघडायला घेतली की डिस्कचा दिवा विझतच नाही. पंखा घोंघावतो. बॅटरी वीस मिनिटं टिकते, आणि पावसात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. आत ४ जीबी रॅम, ३२० जीबीची डिस्क आणि विंडोज १० आहे. जुन्या फाइली श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरात आहेत. एका दुकानात दाखवला तर "बोर्ड गेलाय, नवा घ्या" म्हणाले. माझी तयारी आठ हजारांची आहे. हात या कळफलकाला बसलाय, हाच ठेवायचा आहे. काय काय बदलून घेऊ?
(एक वाचक, जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : गुरुजी, पुढचं वाचण्याआधी एक काम करा. शब्दसंग्रहाचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि एक प्रत भाच्याला मेल करा. तुमच्या पत्रात बॅकअपचा उल्लेख कुठेच नाही, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. लॅपटॉप दुसरा मिळेल. ज्या म्हाताऱ्या माणसांनी तुम्हाला ते शब्द सांगितले, ती सगळी पुन्हा सांगायला असतीलच असं नाही.

झालं? आता बोर्डाकडे येऊ, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीकडे. बोर्ड गेला की लॅपटॉप सुरूच होत नाही, मध्येच बंद पडतो, नाहीतर पडद्यावर काहीच दाखवत नाही. चार मिनिटं घेऊन का होईना, पण रोज नीट सुरू होतो आणि दिवसभर काम देतो, त्याचा बोर्ड ठणठणीत असतो. गेली २१ वर्षं साताऱ्यात मी हेच काम करते, आणि हा लेखही एक्स २३० वरच लिहितेय. म्हणून मशीन समोर नसतानाही इतकं ठामपणे सांगते.

तुमचं दुखणं डिस्कमध्ये आहे, तो न विझणारा दिवा तेच सांगतोय. तुमची डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांची आहे असं धरू, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. डोकं त्या पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा. म्हणजे विखुरलेल्या बारीक फाइली वाचायच्या तर सेकंदाला साठेक जागा गाठून होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो जागा मागते. त्यात रॅम, म्हणजे चालू काम मांडायची जागा, ४ जीबी. ती भरली की विंडोज उरलेलं सामान त्याच डिस्कवर नेऊन ठेवते आणि परत आणते. एका दाराने सगळी ये-जा. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी नवी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतंच, तेच एक वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतं.

खात्री करून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि सीपीयूच्या रकान्यात दहा-वीस टक्के दिसले, तर माझं निदान बरोबर. उलटं दिसलं तर मला पुन्हा लिहा.

आता पैसे. मी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारायला लावते : उद्या हा लॅपटॉप खरंच गेला, तर घातलेल्या पैशातलं हातात काय राहील? जे राहील ते आधी घ्यायचं. जे मशीनबरोबर जाईल ते शेवटी, आणि त्यातही जेवढ्यावाचून अडतं तेवढंच. भाव महिन्यामहिन्याला हलतात म्हणून आकडे छापत नाही, पण या क्रमाने गेलात तर आठ हजारांची ओढाताण होणार नाही.

पहिली एसएसडी. अडीच इंची, साटा जोडणीची, ७ मिलिमीटर जाडीची. दुकानात काडीसारखी दिसणारी एनव्हीएमई दाखवतील, ती यात बसत नाही. २५० ते ५०० जीबीमधली कुठलीही नावाजलेली चालेल. तुमच्या मशीनची मुख्य खाच सेकंदाला ६ गिगाबिटची आहे, त्यामुळे साटा एसएसडी पूर्ण वेगाने धावेल. लॅपटॉप गेला तर हीच एसएसडी यूएसबी डबीत घालून वापरता येते.

ती बसवायला कोणाकडे जायची गरज नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचे खटके सरकवून बॅटरी काढा. उजव्या कडेला डिस्कचं छोटं झाकण आहे, त्याला एक स्क्रू. तो सोडवलात की झाकण निघतं, आणि डिस्कला चिकटवलेली प्लास्टिकची जीभ धरून ओढली की डिस्क खणासारखी बाहेर येते. तिच्या दोन्ही कडांना रबराच्या काळ्या पट्ट्या असतात. त्या उतरवून नव्या एसएसडीला चढवा. हे लोक विसरतात, मग एसएसडी आत हलत राहते आणि महिनाभराने "दिसेनाशी झाली" म्हणून माझ्याकडे येतात. तशीच सरकवा. शेवटच्या बोटभर अंतरात किंचित जोर लागेल, तो कनेक्टर बसल्याचा. अडलं तर ठोकू नका. बाहेर काढून पुन्हा सरळ धरा.

दुसरी रॅम. तळाला दोन स्क्रूंचं झाकण आहे, त्याखाली दोन खाचा. तुमची एक बहुतेक रिकामी असेल. डीडीआर३ किंवा डीडीआर३एल, १६००ची, लॅपटॉपवाली. डीडीआर४ घेऊ नका, तिची खाच वेगळ्या जागी असते. ४ जीबीची आणखी एक घातलीत की ८ होतील, आणि दोन्ही सारख्या असल्या की ग्राफिक्सलाही हात मिळतो. १६ पर्यंत जाता येतं, तुम्हाला लागणार नाही. ही रॅम पुढच्या मशीनला चालणार नाही, म्हणून कोरी घेऊ नका. मुंबईला कोणी जात असेल तर लॅमिंग्टन रोडवर जुन्या लॅपटॉपमधून काढलेली मिळते. आठ दिवसांत परत घेण्याच्या बोलीवर घ्या आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट प्रोग्रॅम रात्रभर चालवून ठेवा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी परत करा.

तिसरी बॅटरी. इथे मी दोनदा विचार करायला सांगते. तुम्हाला ती हवीच, वाडीवर प्लग कुठून येणार? या मशीनच्या मूळ बॅटऱ्या तीन मापांच्या. लेबलवर ४४ असेल ती २९ वॉट-अवरची, ४४+ ती ६३ची, आणि ४४++ ती ९४ची. शेवटची मागून बाहेर येते आणि वजनही वाढवते. तुम्ही ४४+ घ्या. टंकलेखनाला हे मशीन दहाएक वॉट खातं, म्हणजे चांगली बॅटरी असली तर सहा तासांच्या आसपास. मात्र एक्स २३० स्वतःच बॅटरीची ओळख तपासतं. ओळख पटली नाही तर पडद्यावर सूचना देतं आणि चार्जच करत नाही. म्हणून विकणाऱ्याकडून "याच मॉडेलवर चार्ज होते, नाही झाली तर परत" असं लिहून घ्या आणि आली त्याच दिवशी लावून बघा.

जुन्या बॅटरीत नवे सेल भरून देतो म्हणणारेही भेटतील. २०१७ साली मी स्वतः करून पाहिलं. एका कॉलेजच्या मुलाची बॅटरी कानसाने उकलली, सहा सेल सोडवले, नवे सहा जोडले, सोल्डरिंगचे डाग चकचकीत आले, आणि बॅटरी मेलेली ती मेलेलीच. सेल सुटताक्षणी आतल्या सर्किटने स्वतःला कुलूप लावलं होतं. त्या मुलाला मी माझ्या पैशाने नवी आणून दिली. लिथियमचा सेल चुकून शॉर्ट झाला तर आग लागते. घरी हा उद्योग कोणीही करू नये.

बॅटरी आली की चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय लावून घ्या, थिंकपॅडमध्ये ती आहे. दिवाळी ते मे ८० ठेवा, जून ते सप्टेंबर १००. तुमच्याकडच्या पावसात ते वीस टक्के उपयोगाला येतील.

पंख्याचं काम बिनपैशाचं. डावीकडच्या जाळीतून आत टॉर्च मारून पाहा. कोकणातल्या मशीनमध्ये मला नेहमी एकच दृश्य दिसतं : तांब्याच्या बारीक पात्यांवर धूळ, दमट हवा आणि कपड्याचे तंतू यांचा दाबून बसलेला थर, अगदी नमद्यासारखा. चिमट्याने धरला तर अख्खी पट्टी निघते. तुम्ही लॅपटॉप बंद करून, पंख्याची पाती टूथपिकने अडवून, हाताच्या ब्लोअरने हवा मारा. पाती मोकळी सोडून फिरवलीत तर बेअरिंगला धोका. एवढ्याने घोंघाट कमी झाला नाही, तर प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी आतली पेस्ट वाळलीय. ती बदलायला या मशीनमध्ये खूप काही उघडावं लागतं, ते काम सरावाच्या माणसालाच द्या.

आता विंडोज. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, तुमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. आडवाटेने घालून देणारे आहेत, पण ज्या मशीनवर तुम्ही पेन्शनचं खातं बघत असाल तिथे मी ते घालत नाही. विंडोजच्या जागी फुकट मिळणारी लिनक्स मिंट ही प्रणाली घाला, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मिंट २२ला २०२९ पर्यंत सुधारणा मिळत राहतील. मराठी टंकनाचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहे, त्यावर हात असेल तर बोटांना काही नवं शिकायला नको. मुद्रितशोधन करता म्हणून मुद्दाम सांगते, तो अर्धा र नीट उमटतो : शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, की झाला ऱ्य. "वाऱ्यावर" लिहून पाहा.

श्रीलिपीचं काय, हा प्रश्न तुम्हाला माझ्या आधी पडला असेल. ते सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, मिंटवर ते सरळ चालणार नाही. म्हणून जुनी डिस्क पुसू नका. ती आहे तशी, विंडोज आणि श्रीलिपीसकट, कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. कोण्या प्रकाशकाने जुन्याच फाँटमध्ये फाइल मागितली तर तो एक स्क्रू सोडवा, डिस्क बदला, इंटरनेट न जोडता काम करा आणि पुन्हा एसएसडी घाला. पाच मिनिटांचं काम. तुमच्या मशीनची ही सोय आजच्या पातळ लॅपटॉपांमध्ये राहिलेली नाही. जुन्या फाइली नुसत्या वाचायच्या असतील तर ते फाँट मिंटमध्ये टाका, लिब्रेऑफिसमध्ये दिसतील. संग्रह मात्र हळूहळू युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा रूपात न्या. रूपांतर केल्यावर आधी तऱ्हा, दऱ्या, बिऱ्हाड असे शब्द शोधून तपासा, आणि मग रफार. चुका तिथेच दडलेल्या असतात, आणि तुमच्या मालवणी शब्दांत त्या दुसऱ्या कोणाच्या लक्षात येणार नाहीत.

दोन गोष्टी लोक सुचवतील, त्या करू नका. एक म्हणजे पडदा. तुमचा १३६६ बाय ७६८चा आहे. त्याच मापाचा आयपीएस पडदा त्याच केबलवर बसतो आणि बाजूने पाहिलं तरी रंग उडत नाहीत, तो सुस्थितीत मिळाला तर हरकत नाही. पण फुल एचडी बसवायला बोर्डावर वेगळं सर्किट डाग देऊन जोडावं लागतं. त्यापेक्षा घरी एखादा साधा मॉनिटर घ्या. व्हीजीएची आणि छोट्या डिस्प्लेपोर्टची अशी दोन्ही भोकं आहेत, आणि मॉनिटर पुढच्या लॅपटॉपलाही लागेल. दुसरी म्हणजे वाय-फायचं कार्ड. या मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरात, मंजूर कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं घातलं तर १८०२ असा आकडा दाखवून मशीन पुढे जायचं थांबतं. नखाएवढी यूएसबी वाय-फाय काडी लावली की काम होतं.

ती यादी काढता येते, मी माझ्या मशीनवर काढलीय. कळफलक आणि तळव्याची पट्टी उचलली की बोर्डावर आठ पायांच्या दोन चिप दिसतात, एक ८ एमबीची, एक ४ एमबीची. त्यांना चिमटा लावून आतलं सगळं तीनदा वाचून घ्यायचं, तिन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तरच पुढे जायचं, आणि मग मूळ बायोसच्या जागी कोरबूट नावाचं सॉफ्टवेअर लिहायचं. चिमट्याचा एक दात अर्धा मिलिमीटर सरकला तरी प्रती जुळत नाहीत. त्या दिवशी मी सात वेळा वाचलं. पुढे त्याच मशीनला एक्स २२०चा सात ओळींचा जुना कळफलक बसवला. त्यासाठी कनेक्टरच्या काही पट्ट्यांवर टेप लावावा लागतो आणि प्लास्टिकचे दोन-चार दात घासावे लागतात. चीनमधल्या हौशी लोकांनी तर एक्स २०१च्या सांगाड्यात बसेल असा आठव्या पिढीचा बोर्ड स्वतः तयार केला आणि त्याला एक्स २१० नाव दिलं. जुन्या डब्यात नवा जीव. ज्यांना वस्तू टाकवत नाही त्यांचं हे प्रेम मला समजतं. पण तुमच्या मशीनमध्ये तुमचं काम आहे, त्यावर प्रयोग नको.

आणि चार्जर. हात भाजण्याइतका तापत असेल तर बदला. २० व्होल्टचा, मधे पिन असलेला जाड गोल प्लग. किंवा ६५ वॉटचा टाइप-सी पीडी चार्जर आणि त्याला जोडायची गोल प्लगची छोटी जोडणी, म्हणजे चार्जर पुढेही उपयोगी पडेल. जोडणी २० व्होल्ट मागणारीच घ्या.

प्रश्न : माझ्याकडे २०१५चा १३ इंची मॅकबुक एअर आहे, ८ जीबी आणि १२८ जीबी. जागा संपलीय. हल्ली ट्रॅकपॅड दाबताना कडक लागतो. रॅम आणि जागा दोन्ही वाढवता येईल का?
(एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बाळ, आधी ट्रॅकपॅड. तो कडक झाला म्हणजे खालची बॅटरी फुगून त्याला वर ढकलतेय. आजपासून चार्जिंगला लावून झोपू नकोस आणि या आठवड्यात बॅटरी बदलून घे. एअरमधली बॅटरी पिशवीसारखी मऊ असते. टोकदार काही लागलं तर पेट घेते, म्हणून स्वतः काढू नकोस.

रॅम बोर्डाला डाग देऊन कायमची जोडलेली आहे, वाढणार नाही. तुझ्याकडे ८ आहे हे चांगलं झालं. ४ असती तर पुढचं काही मी सुचवलंच नसतं. जागा मात्र वाढते. आतल्या एसएसडीचा कनेक्टर ॲपलचा स्वतःचा आहे, पण छोटी जोडपट्टी घालून साधी एनव्हीएमई बसते. ती बसवण्याआधी जुन्या एसएसडीवरच मॅकओएस हाय सिएरा किंवा त्यापुढची आवृत्ती चढवून घे, त्याशिवाय मशीनला एनव्हीएमई ओळखताच येत नाही. तळाला पाच पाकळ्यांचे दहा स्क्रू आहेत, त्यातले बिजागरीकडचे दोन लांब. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून स्क्रू ज्या त्या जागी टोचून ठेवायला सांग. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर झाकण वर येतं.

या मशीनला ॲपलची शेवटची अधिकृत आवृत्ती माँटेरी. अभ्यास, लिखाण, व्हिडिओ याला अजून चालेल.

प्रश्न : १० इंची जुना नेटबुक आहे, ॲटम एन २७० आणि १ जीबी रॅम. मुलाला शाळेसाठी एसएसडी घालून द्यावा का?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : नाही. हा प्रोसेसर ३२ बिटचा आहे आणि रॅम २ जीबीच्या पुढे जात नाही. लिनक्सच्या प्रकारांपैकी उबंटू आणि मुख्य मिंटने ३२ बिट केव्हाच सोडलं, २०२५च्या डेबियन १३नेही त्याचा इन्स्टॉलर दिला नाही. आजची एखादी वेबसाइट उघडली तरी तो दमेल, आणि मुलाला वाटेल आपलंच काहीतरी चुकतंय. तेच पैसे एखाद्या लीजवरून परत आलेल्या, आठव्या पिढीपुढच्या वापरलेल्या लॅपटॉपसाठी बाजूला ठेवा.

नेटबुक देऊन टाकण्याआधी डिस्क काढून घ्या, त्यात घरचे फोटो असतील. बॅटरी घंटागाडीत टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. सोलापूरला जाणं होईल तेव्हा सोबत न्या, तोवर उन्हापासून लांब, स्टीलच्या डब्यात.